दुसऱ्याच्या ताटातलं तूप

संगीताचं शिवणकामाचं दुकान नेकनूरला स्टँडकडून गावात येणाऱ्या गल्लीत आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारची तिच्याकडे जाऊन बसते. पुढं लिहिलेलं सगळं तिनंच मला सांगितलं, तेही एका दमात नाही. मशीन चालवता चालवता, वर न बघता, थोडं थोडं. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिवा की बाई. खोटं मात्र लिवू नका. माझं चांगलंबी लई लिवू नका."

तर गेल्या वर्षीपर्यंत संगीताचं वजन सदतीस किलो होतं. वय चौतीस, पदरात नऊ वर्षांची मुलगी, धनश्री. नवरा परमेश्वर दुधाचा टेम्पो चालवतो, म्हणजे घरात दुधाला तोटा नाही. तरी संगीताच्या मनगटातल्या बांगड्या थेट कोपरापर्यंत वर जायच्या. लोक तोंडावर बोलायचे. कुणी म्हणे वारं आलं की धरून बस, कुणी म्हणे नवरा खायला घालतो का न्हाई. ती हसायची. स्वतःचा ब्लाउज मात्र दुहेरी अस्तर लावून शिवायची, तेवढंच अंग भरलेलं दिसावं म्हणून.

मापं घेताना तिचा जीव जळायचा, हे मला फार उशिरा कळलं. "बाई, गिऱ्हाइकाच्या दंडाला टेप गुंडाळला ना, की मी मनात माझा दंड मोजायची. तिचा तेरा, माझा आठ. तिचा बारा, माझा आठ. तोंडानं म्हणायची, वैनी बसा, च्या घेता का. आणि मनात म्हणायची, काय खाती ही, कुठं ठिवती एवढं."

पण गिऱ्हाइकांवरचा तिचा राग वरवरचा होता. खरा हेवा एकाच बाईचा, आणि तो पंचवीस वर्षं जुना. ती बाई म्हणजे तिची मामेबहीण प्रियदर्शनी.

संगीताचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते पार गुढीपाडव्याला परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तेवढे महिने तिला युसूफ वडगावला मामाकडे ठेवायचे. मामाचं घर खाऊन पिऊन सुखी. गोठ्यात दोन म्हशी, चुलीपुढं मामी, म्हणजे भामाबाई. या भामाबाईनं पोरीला कधी उपाशी ठेवलं असं मुळीच नाही. ताटात दोघींना सारखीच भाकरी पडायची. फरक एवढाच की प्रियदर्शनीच्या भाकरीवर तुपाचा चमचा आपोआप रिकामा व्हायचा आणि संगीताला विचारलं जायचं, "तुला पायजे का गं तूप?"

"आता सांगा बाई, असं इचारल्यावर कोण हो म्हणंल?" संगीता मला म्हणाली. "मी न्हाई म्हणायची. मग मामी शेजारणीला सांगायची, आमची संगीता लई शहाणी, खा खा करीत न्हाई. प्रियीला शहाणी कुणीच म्हणत नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीत मी तिच्या पुढं होते."

म्हणून ती त्यातच पुढं पुढं जात राहिली. दुसऱ्या भाकरीसाठी हात जायच्या आधीच "झालं माझं" म्हणून ताट उचलायचं. कधी अर्ध्या भाकरीवर, कधी चतकोरावर. शेजारी प्रियदर्शनी तुपाची बोटं चाटत असायची. संगीता तिच्या ताटाकडं बघत हात धुवायची आणि आतून पेटायची. पोटातली भूक आणि तो जळफळाट यातलं कुठलं काय हेच मग तिला कळेनासं झालं. लग्न झालं, सासू वारली, घर तिच्या एकटीच्या हातात आलं, तूपही तिच्याच हातात आलं. तरी ती सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून चार घास खायची आणि वर सात-आठ कप चहा प्यायची.

गेल्या वर्षी चैत्रात प्रियदर्शनी दुकानात आली. तिला चौसाळ्याला दिलीय, नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान हायवेलाच आहे. धाकटा भाऊ अंगद याचं लग्न ठरलेलं. करवलीचे पाच ब्लाउज शिवायला तिनं आपलं माणूस म्हणून संगीताकडंच आणले. येताना समोरच्या गाड्यावरची गरम भजी बांधून घेतली होती. माप देता देता एक हात वर, दुसऱ्या हातात भजं.

"खा की गं," ती म्हणाली.

"आत्ताच जेवले मी," संगीता म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"तू ल्हानपणापासनं अशीच, चिमणीवानी. पर बरं हाय बाई तुझं. मला निस्तं पाणी प्यालं तरी अंगाला लागतं."

प्रियदर्शनी हे अगदी सहज बोलली. संगीताच्या मात्र डोक्यात तिडीक उठली. त्या पाचांत एक पोपटी ब्लाउज होता, लग्नाच्या मुहूर्ताला घालायचा. तिनं तो मापापेक्षा दीड इंच कमी बेतला. एवढ्यावर थांबली नाही. शिवणीत जादा कापड ठेवतात ना, ज्याला आम्ही माया म्हणतो, पुढं कधी उसवून सैल करता यावं म्हणून? तेही कात्रीनं उडवून टाकलं.

"हात थरथरला का गं?" मी विचारलं.

"न्हाई बाई. इतकं सरळ मी कधीच कापलं न्हाई."

लग्नाच्या दिवशी युसूफ वडगावात आतल्या खोलीत पोपटी ब्लाउजचं एकही हुक लागेना. प्रियदर्शनीनं श्वास ओढला, पोट आत घेतलं, दोन बायांनी दोन्हीकडून ओढलं, तेव्हा काखेतली शिवण टरकली. भामाबाई दारातून म्हणाली, "किती खाशील गं पोरी! महिन्यापूर्वी माप दिलेलं पोलकं आज होईना तुला." खोलीतल्या दहा-बारा बाया मोठमोठ्यानं हसल्या. संगीता तिथंच होती. तीही हसली.

आजवर आपल्या अंगाबद्दल कधी वाईट वाटून न घेतलेली प्रियदर्शनी त्या दिवशी आरशासमोर पदर घट्ट गुंडाळून उभी राहिली. त्या साडीला न जुळणाऱ्या दुसऱ्याच ब्लाउजवर मिरवली. पंगतीत बसली तेव्हा जिलबी वाढणाऱ्याला तिनं हात आडवा केला. वरण-भात चिवडला आणि उठली.

संगीता समोरच्या ओळीत बसली होती. ती सांगते, स्वतःची लाज वाटावी अशी गोष्ट ती हीच. प्रियदर्शनीनं हात आखडला आणि संगीताचा हात सुटला. तिनं तीन जिलब्या खाल्ल्या, दोनदा भात घेतला, भज्यांचं ताट आलं तर तेही घेतलं. पोट भरून जेवल्याचं सुख तिला त्या दिवशी मिळालं, आणि ते गोड लागलं. इतकं गोड की परत येताना एसटीत ती स्वतःलाच भ्यायली. म्हणजे आपल्याला भूक लागते ती दुसऱ्याचं ताट रिकामं राहिलं की, असा विचार तिच्या डोक्यात आला आणि तो जाईना.

पुढच्या आठवड्यात मशीनवर बसलेली असताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि सुई बोटातून आरपार गेली. मीच आरडाओरडा करून लोकं गोळा केली. परमेश्वर टेम्पोतूनच तिला दवाखान्यात घेऊन गेला. बोटावर पट्टी झाली, पण तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि सोडलंच नाही. रक्त तपासलं, थायरॉईड तपासला, छातीचा फोटो काढला. रक्त कमी होतं, बाकी आजार काही निघाला नाही.

"काल दिवसभरात काय खाल्लं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जेवते की मी. समदं खाते."

"काय आणि किती, ते सांगा. कुणाबरोबर बसून?"

संगीताला सांगता येईना. मग बसून जेवता का, आधी जेवता का नंतर, ताटात कोण वाढतं, असं एकेक त्या विचारत गेल्या. कसं कोण जाणे, संगीतानं परक्या बाईला तूपही सांगितलं आणि तीन जिलब्याही सांगितल्या. परमेश्वर शेजारी बसून ऐकत होता. बारा वर्षांच्या संसारात त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या पोटात काही बिघाड नाही. लहानपणी कमी खाल्लं की शाबासकी मिळायची, ती सवय राहिलीय. भूक लागली की तुम्ही ती आधी दाबता, मग ताटाकडं जाता. ही सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडते." मग त्यांनी साध्याच गोष्टी सांगितल्या. जेवणाआधीचा चहा बंद. तीन जेवणं आणि मधे तीनदा थोडं थोडं, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध, अंडं चालत असेल तर अंडं. भूक लागायची वाट बघायची नाही, वेळ झाली की बसायचं. आणि सगळं एकदमच ताटात वाढून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्यांदा मागायचा प्रश्नच येणार नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्यानं या म्हणाल्या.

ऐकायला सोपं होतं. पहिला महिना ती रडकुंडीला आली. भरलेलं ताट बघूनच तिला नको व्हायचं. पोट फुगायचं, अर्ध्या भाकरीवर तोंडातून "झालं माझं" निघून जायचं. परमेश्वर नुसता समोर बसून राहायचा. ती रागावायची, "अवो, टेम्पोला उशीर होईल." तो म्हणायचा, "होऊ दे." दोन महिन्यांत एक किलो वाढलं आणि तिसऱ्या महिन्यात अर्धा किलो परत उतरलं.

अडलं होतं ते घरातच. परमेश्वर रोज धनश्रीच्या भाकरीवर तूप सोडायचा आणि संगीताचा घास तिथंच थांबायचा. "पोटच्या पोरीचा हेवा, बाई," ती मला म्हणाली तेव्हा मशीन बंद होतं. "मी तिच्याकडं बघायची, जशी प्रियीकडं बघायची. एक दिवस पोरगी म्हणली, मम्मी, तू माझ्या ताटाकडं काहून बघती? मला भूकच न्हाई मग. आणि अर्ध्यातनं उठाया लागली."

संगीतानं तिचा हात धरून खाली बसवलं. नवऱ्यापुढं आपलं ताट सरकवलं आणि म्हणाली, "मलाबी वाढा तूप." एवढंच. पण हे बोलताना आपले कान तापले होते, घाम फुटला होता, असं ती सांगते. परमेश्वरानं दोन चमचे सोडले. ती भाकरी तिनं सबंध खाल्ली. त्यानंतर काटा हळूहळू का होईना, वरच सरकत गेला.

एकेचाळीस किलो झाल्यावर ती चौसाळ्याला गेली. त्याच पोपटी कापडाचा नवा ब्लाउज शिवून नेला होता, मापाला बरोबर. प्रियदर्शनीनं पाणी दिलं. संगीतानं ब्लाउज पुढं ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं, मी मुद्दाम लहान शिवला होता म्हणून.

"काहून?" प्रियदर्शनी म्हणाली.

संगीतानं तूप सांगितलं, मामीचं विचारणं सांगितलं, ती बोटं चाटणं सांगितलं.

"मला तर आठवतच न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली. "तुला तूप न्हाई, मला हाय, असं मला कधी दिसलंच न्हाई. तू न्हाई म्हणायचीस, मला वाटायचं तुला आवडत न्हाई." मग तिचा आवाज चढला. "पर संगे, माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात मी उपाशी उठले. तवापासनं चार माणसांत जेवायला बसले की मला वाटतं समदे माझ्या ताटाकडं बघत्यात. ह्ये तू माझ्यात घातलंस."

प्रियदर्शनीनं ब्लाउज घेतला, घडी घालून कपाटात ठेवला. ज्या घरातून कुणी न जेवता जात नाही, त्या घरात त्या दिवशी तिला कुणी जेवून जा म्हणालं नाही. संगीता उठली आणि स्टँडवर आली. पूर्वी असं काही झालं असतं तर दोन दिवस तिच्या घशाखाली पाणी उतरलं नसतं. त्या दिवशी मात्र गाडीची वाट बघताना तिला भूक लागली, साधी, पोटातली. तिनं केळी घेतली, बाकड्यावर बसून तीन खाल्ली, आणि खाता खाता रडली.

याला आता पाच महिने झाले. संगीताचं वजन पंचेचाळीस किलो आहे. दुहेरी अस्तर सुटलं. दुपारी दोन वाजता ती मशीन थांबवते आणि दुकानातच खाली बसून डबा खाते, गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. प्रियदर्शनी हल्ली ब्लाउज बीडला शिवून घेते. नातेवाइकांत भेटल्या की दोघी बोलतात, पोराबाळांचं विचारतात, पण एका पंगतीत शेजारी बसत नाहीत. संगीताला ते लागतं. मागच्या बारशाला तिनं शेजारी जागा धरून ठेवली होती. प्रियदर्शनीनं बघितलं, थोडी थांबली, आणि पलीकडच्या ओळीत जाऊन बसली. तिथं ती पोटभर जेवली मात्र, संगीतानं ते बघितलं.

"बघून जळलीस का गं?" मी विचारलं.

"जळले ना," ती म्हणाली. "तिनं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, मला दोनच गेल्या."

एवढं बोलून तिनं डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला माप घ्यायला उभं केलं.