नर, वय अठ्ठावन

चिमटे आबा गोऱ्ह्याच्या कानात माफी मागायचे. झरीच्या जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. गोऱ्हे खच्ची करायचा लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा इतकी वर्षं त्यांच्या हातात होता, की आडनाव मागं पडून तेच नाव झालं. चौघांनी गोऱ्हा आडवा पाडला की आबा त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "माफ कर बाबा, सरकारी काम हाय." मग कच्चकन चिमटा. डॉक्टर मी, पण चिमटा मला धरू द्यायचे नाहीत. "तुमचा हात पुस्तकाचा हाय, साहेब. जनावराला उगं दोनदा दुखंल."

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, त्यामुळं पुस्तकाचा हात म्हटलं की टोचायचं. पण आबांवरचा राग टिकायचा नाही. नामांतराचे दिवस होते ते. नव्या डॉक्टरची जात त्याच्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली होती, आणि माझ्या खोलीवर आलेल्यांना तहानच लागायची नाही. आबा मात्र आले की आधी माझ्या माठात पेला बुडवायचे. "पानी गार हाय तुमचं," एवढंच म्हणायचे.

आवाज असा, की दवाखान्यातून हाक मारली तर बाजारातली म्हैस वळून बघायची. मिशीला रोज खोबरेल. गावातल्या पुरुषांची ते दोनच भागांत वाटणी करायचे: हा अजून गोऱ्हा, ह्याचा बैल झाला. सरपंचाचा झाला होता, मास्तरांचा तर कधीच. "आणि तुम्ही, आबा?" असं विचारलं की नुसतं मिशीवरून बोट फिरवायचे.

मग वर्षभरात माणूस बदलला. जेवण झालं की पोत्यावर आडवे व्हायचे ते चारलाच उठायचे. पोट सुटलं, मिशी लोंबली. एक दिवस चिमटा आपणहून माझ्यापुढं धरला. "तुमीच करा साहेब, हातात जोर न्हाई." त्याच आठवड्यात आबांची बायको, आमच्या मावशी, खरवस घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "डाक्टरदादा, आमचं मानूस वर्ष झालं शेळ्यांच्या गोठ्यात झोपायलंय. माझ्या हातून काय चुकलं का, इचारा की जरा."

हे कसं विचारायचं, मला सुचेना. पण दोन दिवसांनी दुपारी आबांनीच दार लोटून घेतलं आणि टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, एक केस हाय. लिहून घ्या. नर. वय अठ्ठावन."

मी पेन उचललं. "काय होतंय?"

"चारा बराबर खातंय. पन सुस्त हाय. जोर गेला. उगं चिडायलंय. आनि मादीकडं बघायची इच्छाच न्हाई."

"मालक कोण?"

"मालकीन हाय," आबा भिंतीकडं बघत म्हणाले. "तिला अजून सांगितलं न्हाई."

मग सगळं बाहेर पडलं. एवढे गोऱ्हे खच्ची केले, त्यांचाच तळतळाट लागला असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. बाजारात तंबू टाकून बसलेल्या वैद्याची काळी पुडी तीन महिने दुधातून चालू होती. मी म्हणालो, "आबा, माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

"त्यो मानसाला सांगंल. तुमी फार तर बैलाला सांगताल."

शेवटी औषधं आणायला चाललो असं गावात सांगून त्यांना परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवी-रक्त तपासलं, एक नमुना मुंबईला पाठवला. निकाल आल्यावर पुन्हा बोलावलं. "वय झालं की पुरुषाच्या रक्तातलं एक संप्रेरक हळूहळू उतरतं," ते म्हणाले. "तुमचं जरा जास्तच उतरलंय. पण तुम्हाला साखरेचा आजारही आहे. साखर आणि हे पोट मिळून त्याला आणखी खाली ओढतात. पुडी फेका. रोज चाला, गोड बंद, गोळ्या वेळेवर. मग परत तपासू, इंजेक्शनचं तेव्हा बघू."

"म्हंजे बैलांचा शाप न्हाई?"

"असला तर चहातल्या साखरेचा. आणि हे घरी बायकोला सांगा."

आबांनी बाही वर सारली. "पायजे तर दोन इंजेक्शनं आत्ताच द्या साहेब, पन ते नको."

परतीच्या एसटीत मी त्यांना मावशींचा प्रश्न सांगितला. आबा खिडकीकडून एकदम माझ्याकडं वळले. "तिचं?" म्हणाले. "तिचं काय चुकायचंय!" झरी आली तसे उतरले आणि दवाखान्याकडं न वळता नीट घरी गेले.

सकाळी मावशी हसतच आल्या. "मला वाटलं, दुसरी केली का काय ह्यांनी! आनि हे शरमेनं शेळ्यांत!" हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. बाज गोठ्यातून घरात आली होती.

पुढं रोज दोघं बरोबर चालायला जायचे. वाटेत आबा हॉटेलात शिरू नयेत म्हणून मावशी हॉटेलाच्या अंगानं. साखर उतरली, दुपारची झोप गेली. इंजेक्शन लागलं नाही. जोर पहिल्यासारखा आला नाही, आणि आबांनी तो पुन्हा मागितलाही नाही.

माझी बदली झाली. आबा निवृत्त झाले, आणि बऱ्याच वर्षांनी गेले. मी आता त्यांच्या त्या वयाच्या पुढं आलोय. मागच्या वर्षी मलाही दुपारी पेंग येऊ लागली, कशातच मन लागेना. मी पदवीधर, कारणं सगळी तोंडपाठ. तरी चार महिने घरात चकार शब्द काढला नाही. मग आबा आठवले. बायको शेंगा फोडत बसली होती, तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, हात झटकले. "चपला घाला," म्हणाली. "डॉक्टर पाचपर्यंतच बसतात."