पाय टेकायचा नाही!

गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नट-बोल्ट उरतातच. किश्शांचंही तसंच. नट-बोल्ट आम्ही डब्यात टाकतो, किस्से मात्र कुणीतरी सांगावेच लागतात!

आम्ही म्हणजे चेन्नईतली मराठी टोळी. मी आणि सायली अंबत्तूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. हेमंत पेरुंगुडीला आयटीत. आणि आमच्या घरमालकीण अंबुजा मावशी, तंजावरकडच्या मराठी, रिटायर्ड टीचर.

सायलीच्या डोक्यात ट्रायल्स बाइकचं खूळ शिरलं. दगडांवरून, ओंडक्यांवरून, अगदी हळू, उभ्यानं गाडी न्यायची. पाय जमिनीला टेकला की मार्क कापले! प्रश्न एकच होता: पहिली गाडी विकत घ्यायची की घरी बनवायची?

*

हेमंतनं चक्क प्रेझेंटेशन केलं. ग्राफ, बाण, रंग... इडल्या गार झाल्या तरी स्लाइड संपेनात. निष्कर्ष: 'नवशिक्यानं विकतच घ्यावी.' शेवटी 'एनी क्वेश्चन्स?'

मावशींनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "हें सगळें सरी, ठीक. पण गाडी चालवणार कोण जी?"

आम्ही सगळे सायलीकडे वळलो. तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं!

"बाबांची जुनी हंड्रेड सीसी साताऱ्यात पडून आहे," ती म्हणाली. "तीच आणते. जी गाडी मी हातानं खोलली नाही, तिच्यावर उभी राहायची नाही मी."

मला तर ती तेव्हाच जिंकल्यासारखी वाटली.

*

गाडी आली. पहिल्याच रविवारी आम्ही सीट काढून टाकली. सायलीनं कौतुकानं बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन!

"सीट कुठंय?"

"काढली. उभ्यानंच चालवायची असते, बाबा."

बाबांचा आवाज चढला.

"अगं, एसटीत उभं राहायला लागू नये म्हणून घेतली होती मी ती!"

*

मग मागच्या चाकाला भलंमोठं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चक्र, बसवलं, म्हणजे गाडी रांगायला लागेल. दिवसभर ऑफिसात गाड्या पळवायच्या आणि घरी येऊन हळू करायच्या, असा आमचा संसार! गल्लीत ट्रायल घेतली. सायली फूटरेस्टवर ताठ उभी, इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चाललीय.

मागून भाजीची पिशवी घेऊन मावशी आल्या. गाडीला ओव्हरटेक केलं, थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "येतेस काय सोबत? मी हळूच चालतें."

आम्ही टाळ्या पिटल्या. एवढी हळू गाडी बनवायला अक्कल लागते हो!

*

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाडीचं पुढचं चाक काढलेलं होतं. मावशींनी आमचे पाने, हातोडे, ड्रिल मशीन सगळं पाटावर मांडून चंदन-कुंकू लावलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत हात लावायचा नाहीं!"

हेमंतला आयतंच सापडलं. "विकत घेतली असती तर आज चालवत असतीस!"

"विकत घेतली असती तर पूजेस काय मांडलें असतें?" मावशी म्हणाल्या. "बिल?"

*

शेवटी हेमंतनं पैजच लावली. "मार्गळीत मावशींच्या अंगणात फेरी मार. पाय टेकला तर ही गाडी भंगारात, आणि विकतची घ्यायची. कबूल?"

"कबूल," सायली म्हणाली. बाबांची गाडी होती ती!

मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीत, इकडे पहाटे दारोदारी मोठमोठे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, काढतात. मावशींनी तर त्या दिवशी अख्खं अंगण भरलं. कमळं, वेली, आणि त्यांच्यामधून वळणावळणाची, टायर जेमतेम मावेल एवढी वाट.

"पिठास टायर लागला, तरी हार," असं सांगून त्या वाटी हातात धरून पायरीवर उभ्या राहिल्या.

सायली निघाली. पहिलं कमळ पार झालं, दुसरं पार झालं. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. डुलली. सायलीचा डावा बूट फूटरेस्टवरून सुटला, हवेत लोंबकळला...

"अगं, सांभाळ!" हेमंत मोबाइल टाकून धावला.

बूट परत जागेवर आला. गाडी रांगत रांगत फाटकाबाहेर पडली. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू!

मावशी मात्र वाकून कोलम तपासत होत्या. मधल्या मोठ्या कमळापाशी थांबल्या.

"पाय टेकला," त्या म्हणाल्या.

सायलीचा चेहरा उतरला. आम्ही धावत जाऊन बघितलं. कमळाच्या बरोबर मध्यभागी स्पोर्ट्स शूजचा ठसा होता, दहा नंबरचा. हेमंतनं हळूच आपला पाय मागं घेतला.

मावशींनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"मग काय जी," त्या म्हणाल्या, "ह्यास भंगारात घेतील काय?"