काहून येऊन राह्यला!

माझ्या थोरल्या साडूंइतका मोठा आवाज देवाने अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला दिलेला नाही, आणि त्या आवाजाला त्यांच्या कुत्र्याने लावल्या तशा वाटाण्याच्या अक्षता दुसऱ्या कोणी लावलेल्या नाहीत. साडू एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावरच्या खोलीत बसून 'मारेगावमार्गे वणीला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं सांगणारा जो माणूस असतो, तो. माइक बिघडला की ते नुसते खिडकीत उभे राहून सांगत आणि माइक बिघडलाय हे प्रवाशांच्या लक्षातही येत नसे, असं ताई सांगतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. मी मूळचा सांगलीचा. यवतमाळच्या कॉलेजात गणित शिकवायला आलो, इथलाच जावई झालो आणि लोहाऱ्याच्या बाजूला साडू राहतात त्याच लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, घर बांधलं. माझा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंत कसाबसा पोचतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "माह्या नशिबानं एक जावई आयकू येते, अन् एक नुसता दिसते."

निवृत्त झाल्यावर साडूंची पंचाईत झाली. लक्ष द्यायला प्रवासी उरले नाहीत. मुलगा बंगळुरूला, आणि ताईंनी तर संसाराच्या सुरुवातीलाच कान सरावून घेतलेले. मग एका सकाळी ते दूध आणायला गेले आणि दुधाच्या पिशवीबरोबर पिवळट रंगाचं एक गावठी पिल्लू घेऊन आले. ताई दारातच म्हणाल्या, "काहून?" शेजारच्या मावशी कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "अव बाप्पा! काहून?" संध्याकाळी मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, पण काहून?" आमच्याकडे सांगलीला नुसतं 'का' म्हणून भागतं, वऱ्हाडात त्याला 'काहून' लागतं. साडूंनी जेवताना जाहीर केलं, "सकाळपासून सगळे त्याले याच नावानं हाका मारून राह्यले. आता मी दुसरं कायले ठेवू?" अशा रीतीने पिल्लाचं बारसं झालं. नाव काहून.

या नावाने पुढे जे घोटाळे झाले त्यांची गणती नाही, पण मारेगावचा घोटाळा सगळ्यांत मोठा. ताईंच्या माहेरचे एक वयस्क नातेवाईक मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मारेगावहून आले. आदल्या आठवड्यात ते एकदा येऊन गेले होते, तेव्हा घराला कुलूप होतं. या वेळी ते फाटकाशी पोचले, नेमका त्याच वेळी काहून धुतलेल्या चादरीवर चढून बसला, आणि आतून साडूंचा आवाज आला, "काहून! आला पुन्हा? चाल, हो बाहेर!" पाहुण्यांनी पत्रिका फाटकाला खोचली आणि आले तसे परत गेले. चार दिवसांनी खरा प्रकार कळला तेव्हा साडू तडक मारेगावला निघाले, आणि पुरावा म्हणून ओळखीच्या एकाच्या गाडीत काहूनलाही घालून घेऊन गेले. सोबतीला मी. साडू हात जोडून म्हणाले, "मामा, मी तुम्हाले नाही म्हटलं. काहूनले म्हटलं." मामा म्हणाले, "काहून नाही म्हटलं? सगळ्या गल्लीनं आयकलं." शेवटी साडूंनी कुत्र्याकडे वळून छातीतून हाक दिली, "काहूऽऽन!" गल्लीतली चार माणसं बाहेर आली. काहून मात्र तुळशीजवळ बसून पाठ चाटत राहिला. त्याने मान वर करून पाहिलंदेखील नाही. आम्हाला लग्नात जेवायला मिळालं, पण मामांची शंका शेवटपर्यंत फिटली नाही.

कुत्र्याला बोलावणं सोडलं तर बाकी सगळं साडू जमवत. आणि बाकी सगळं म्हणजे काय असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. तोवर मी समजत होतो की कुत्रा पाळायचा म्हणजे त्याला उरलंसुरलं घालायचं आणि भुंकला की 'गप' म्हणायचं. साडूंनी मात्र एखाद्या आगाराचा कारभार चालवावा तसा तो चालवला. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर पायाला चिकटतं. फिरायला निघण्याआधी साडू चप्पल काढून रस्त्यावर अनवाणी उभे राहत. चटका बसला की परत घरात. "माहा तळवा भाजते, त त्याचा नाही भाजत काय? त्याले काय कंपनीनं बूट देल्ले?" पावसाळा सुरू झाला की दुपारी अंगणात कुत्र्याला आडवं घालून, चष्मा लावून गोचीड वेचत बसत. त्या वेळी पंतप्रधान आले असते तरी त्यांना ओट्यावर थांबावं लागलं असतं. कोणी पाहुण्याने प्रेमाने बिस्कीट पुढे केलं की मध्येच हात घालून म्हणत, "त्याले देऊ नका, त्याचं पोट बिघडते. मले द्या." त्यांच्या स्वतःच्या साखरेचं काय होतं हे ताई मागून सांगत, पण तोवर बिस्कीट गेलेलं असे.

लेआउटमध्ये कुत्र्याची घाण स्वतः उचलणारा पहिला माणूस हाच. त्यासाठी त्यांच्या हातात एक खुरपं आणि एक पिशवी असे. पिशव्या ताई जपून ठेवत त्यांतलीच एखादी, बहुतेक मिठाईच्या दुकानाची. एकदा शेजारच्या मावशींनी ती फुगलेली पिशवी पाहून कौतुकाने विचारलं, "कुठून आणलं जी?" साडू खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "घरचंच हाये, मावशी." मावशींनी पुढे काय विचारलं हे मला ठाऊक नाही, कारण मी हसू आवरायला तिथून सटकलो होतो.

दरवर्षीच्या लशीचा दिवस हा त्यांच्या घरचा सण. इस्त्रीचा शर्ट घालून ते काहूनला जनावरांच्या दवाखान्यात नेत. तिथे शेळ्या, बैल, कोंबड्या यांच्या रांगेत शिस्तीने उभे राहत आणि आपला नंबर आला की स्वतः डोळे मिटून घेत. सुई काहूनला टोचायची आणि 'आई गंऽऽ' साडू ओरडायचे. एकदा तर त्या आवाजाने रांगेतला एक बैल दावं तोडून पळाला. डॉक्टर त्यांना म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी काकूंना पाठवा."

पण त्यांची खरी ख्याती होती ती घोषणेची. रोज संध्याकाळी कुत्रा घेऊन निघाले की प्रत्येक वळणाच्या अलीकडे थांबून ते खड्या आवाजात सांगत, "लक्ष द्या होऽऽ! काहून येऊन राह्यलाऽऽ!" नव्या माणसाला वाटे, आपल्यालाच 'का येतोयस?' असं विचारलं. तो दचकून म्हणे, 'अहो, मी तर इथेच राहतो!' लोक हसत, पण घोषणेमागे विचार होता. "माहा कुत्रा चावत नाही हे मले माहीत हाये, लोकायले कसं माहीत राहीन? ज्याले भेव वाटते त्याले बाजूले व्हायले टाईम भेटला पाह्यजे." हे ते माझ्याकडे बघून म्हणत. लहानपणी मला कुत्रा चावला होता आणि पोटातल्या इंजेक्शनांची आठवण अजून जिवंत होती. ती घोषणा ऐकू आली की मी शांतपणे फाटकाच्या आत जाई. माझ्यासारख्या भित्र्याची एवढी काळजी एखाद्या कुत्रेवाल्याने केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात तो आवाज बसला. आधी वाटलं थंडी बाधली. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. मग नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ दाखवली. काढायला हवी, काढली की जीव सुखरूप, पण आवाज राहील याची खात्री नाही. निघायच्या आदल्या दिवशी साडू काहूनला घेऊन आमच्याकडे आले. मी नाही कसं म्हणणार? त्यांनी जेवणाची वाटी दिली, साखळी दिली, खुरपं दिलं, कुठल्या वेळी काय द्यायचं ते दोनदा सांगितलं. मग माझी बायको चहा करायला आत गेल्यावर बसक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, मले ऑपरेशनचं भेव नाही वाटून राह्यलं. पण वापस आल्यावर मी हाक मारली अन् त्यानं मले ओळखलंच नाही त? त्याले माहा आवाजच माहीत हाये." जो कुत्रा त्यांच्या हाकेला आयुष्यात कधी आला नाही, त्याच्याबद्दल हे चाललं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी साखळीचं टोक जितकं लांबून धरता येईल तितकं लांबून धरून निघालो. वळणावर मावशी भाजी निवडत बसल्या होत्या. काहून एकदम पुढे गेला आणि त्यांची परात उलटली. सांडलेली मेथी गोळा करत त्या कडाडल्या, "सर, आवाज द्या ना! तुम्ही काहून मुके झाले?" पुढच्या वळणावर मी थांबलो. इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडलो, "लक्ष द्या हो! काहून येऊन... राहिला!" खिडकीतून कोणीतरी दुरुस्ती केली, "राह्यला म्हणा, सर, राह्यला!" दुसऱ्या दिवशी 'राह्यला' जमलं. तिसऱ्या दिवशी लोक फाटकात येऊन उभे राहू लागले. साडू कसे आहेत, ऑपरेशन झालं का, खायला काय देतात. कोणी काहूनसाठी ज्वारीची भाकर आणून दिली, कोणी ताईंसाठी लोणच्याची बरणी. इतकी वर्षं मी या लेआउटमध्ये राहत होतो आणि मला शेजारच्या दोन घरांपलीकडे कोणाचं नाव माहीत नव्हतं. आता कोणाच्या गुडघ्याला काय झालंय तेही कळू लागलं. काहून रोज दुपारी माझ्या खुर्चीखाली येऊन पडायचा. त्याच्या श्वासाने माझ्या पायाला गरम वाटायचं आणि मी पाय काढून घेत नव्हतो. माझी कसली कसली भीती त्या दिवसांत गेली, हे मी साडूंना अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून इथे सांगतो. हे गाव मला नोकरीने दिलं नाही, घराच्या खरेदीखताने दिलं नाही, साडूंनी दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ते परत आले त्या दिवशी गाडी आमच्याच फाटकासमोर थांबली. ताई उतरल्या, पिशव्या उतरल्या, साडू उतरेनात. गळ्याला मफलर गुंडाळून बसून राहिले. मी दार उघडून वाकलो. त्यांनी ओठ हलवले. त्या आवाजाचा आता नुसता वारा उरला होता. "भाऊ, त्याले बांधून ठेवा. मी घरी जातो. उद्या पाहू." परीक्षेच्या निकालाला न जाणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. चेहरा तोच. मी म्हणालो, "साडूभाऊ, आजच पाहू."

काहून अंगणात होता. गाडी पाहून उठला, पण धावला नाही. साडूंनी एक पाय खाली टेकवला, गाडीच्या दाराला धरलं आणि त्याला हाक मारली. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही. पण काहूनने मान तिरपी केली. काहीतरी बोललं जातंय आणि ते आपल्याला नीट कळत नाहीये, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो दोन पावलं पुढे आला. साडूंनी पुन्हा ओठ हलवले. तो आणखी पुढे आला, आणि पुढे येत येत त्यांच्या गुडघ्यांमध्ये शिरला आणि तोंड वर करून थेट त्यांच्या ओठांपाशी कान नेला. "अव बाई, पह्यल्यांदाच हाकीले आला," एवढं म्हणून ताई तिथेच रडायला लागल्या. साडूंनी त्याच्या मानेत तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

आवाज परत आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, आहे एवढाच. साडूंनी ते मानलं आहे, मला मात्र अजून कधी कधी संध्याकाळी वाटतं की पलीकडच्या वळणावरून ती आरोळी येईल, आणि मी उगाच थांबतो. आता आम्ही रोज बरोबर निघतो. घोषणा मी देतो. पूर्वी साखळी ताणून लेआउटच्या टोकापर्यंत ओढत नेणारा काहून आता साडूंच्या पायाला घासून चालतो, कारण दोन पावलं जरी पुढे गेला तरी त्याला हाक ऐकू येत नाही. साडू चालता चालता त्याच्याशी सारखं काहीतरी बोलत असतात. काय बोलतात ते मला माहीत नाही. ते ऐकायचं तर काहूनइतकं जवळ जावं लागेल.