एक मण सतरा शेर

वडील गेले तेव्हा आमच्या घरात नाचणीची एकच कणगी होती आणि ती माघातच रिकामी झाली. मग करवंदं पिकेपर्यंत आई रानातले कंद उकडायची, कडवटपणा जावा म्हणून पाणी बदलायची, पुन्हा उकडायची. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पोटाशी आमचं चार उंबऱ्यांचं खेडं. तिथे आम्हांला सांभाळायला आईचे थोरले भाऊ येऊन राहिले. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, जगात कुणावर अन्याय होऊ नये याची देवालाही नसेल एवढी काळजी या माझ्या मामांना होती.

मामा मोठ्या लढाईत मराठा पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. तोफांचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना भुरळ घातली ती छावणीतल्या बॉक्सिंगनं, आणि त्यातही ठोशांपेक्षा वजनकाट्यानं. लढायच्या आधी दोघांना काट्यावर उभं करायचे. वजन जुळलं तरच जोड. मामांचा गट एकशे अठरा पौंडांचा. पलटणीतल्या कारकुनानं त्याचा हिशेब करून दिला होता : एक मण सतरा शेर. या गटात मामा तीनदा लढले आणि तिन्ही वेळा पडले; पण या गटातले जगातले सगळ्यांत थोर दहा गडी आपण डोळ्यांनी पाहिले, अशी त्यांची खात्री होती. त्याहून जड माणूस कितीही मोठा असो, मामांच्या लेखी तो दुसऱ्या गावचा.

या दहांची क्रमवारी लावणं हे मामांचं जन्माचं काम होऊन बसलं. लिहिता येत नसल्यामुळे त्यांनी कानंदी नदीच्या पात्रातून दहा गोटे आणले आणि भिंतीतल्या देवळीत ओळीनं मांडले. पहिला लालसर गोटा म्हणजे आयर्लंडचा तांबड्या केसांचा शिपाई. दुसरा काळा, गुळगुळीत, तो गुरखा नाईक. तिसरा लंडनचा कोणी खाटीक. पहिल्याबद्दल वाद नव्हता. पण गुरखा आणि खाटीक यांनी मामांना कधी सुखाचा घास खाऊ दिला नाही. भर नांगरटीत बैल सोडून धापा टाकत घरी यायचे, दोन गोट्यांची अदलाबदल करायचे आणि सुस्कारा टाकायचे. संध्याकाळी पुन्हा कपाळाला हात आणि आईला हाक. "सखू, खाटकाचा डावा हात दुखावल्याला व्हता त्या दिशी. म्या इसरलोच की!" एकदा आईनं देवळी झाडताना सगळे गोटे एकत्र केले, तर मामा दोन दिवस जेवले नाहीत. आई वैतागून म्हणाली, "दादा, दगडं हायती ती!" मामा म्हणाले, "व्हय, आन् त्यांच्या बाजूनं बोलाया कोन हाय हितं?"

देवीच्या जत्रेत कुस्त्यांची जोड पंच नजरेनं लावत. मामांना ते बघवेना. एका वर्षी त्यांनी व्यापाऱ्याचा हिरडा तोलायचा तराजू खांद्यावर घालून आखाड्यावर आणला. पैलवान भडकले. "आमाला काय हिरड्याचं पोतं समजला व्हय, हवालदार?" तराजू परत गेला. मग शेजारच्या पाली गावच्या एका किडकिडीत पोराची खालच्या मुलखातल्या धिप्पाड गड्याशी जोड लागली. मामांनी थोडा वेळ दम धरला, नंतर डोळे गच्च मिटून थेट हौद्यात उडी घेतली आणि कुस्ती सोडवली. डोळे मिटल्यामुळे त्यांना एक गोष्ट दिसली नव्हती. पालीचं पोरगं वर होतं आणि धिप्पाड गड्याचा एक खांदा मातीला लागला होता. पोराच्या बापानं मामांना ओढ्यापर्यंत पिटाळलं. मी म्हटलं, "मामा, तो जिंकत होता." पायातला काटा काढत ते म्हणाले, "आज जिकला असता. मंग रोज त्येला असल्याच रेड्याम्होरं उबं केलं असतं."

मी भोरला दारोदार भाकरी मागून इंग्रजी शाळा शिकलो. मॅट्रिकच्या वर्षी आमच्या शाळेतून पहिला येणाऱ्याला कॉलेजसाठी संस्थानची शिष्यवृत्ती मिळणार होती. ती मिळाली तर पुणे, नाहीतर परत डोंगरात नांगर. माझ्यापुढे होता एका वकिलांचा मुलगा. त्याचे आजोबा शास्त्री, घरात पुस्तकांची चार कपाटं. मुलगा स्वभावानं चांगला, हे आणखी वाईट. माझी झोप उडाली, अन्न जाईना. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मामांनी सगळं विचारून घेतलं. कपाटं किती, तेही विचारलं. आणि शाळा सुरू झाल्यावर मला न सांगता, वेल्ह्याहून कापूरहोळावरून चालत, एक मुक्काम करून हेडमास्तरांपुढे हजर झाले.

आमचा वर्ग शेजारीच होता. दार उघडं. मामांनी खाडकन सलाम ठोकल्याचा आवाज आला.

"सायेब, तुमी जोड चुकीची लावलीया."

"कसली जोड?"

"त्या वकिलाच्या ल्येकाचं वजन तीन पिढ्यांचं हाय. आमचं पोरगं एक मन सतरा शेर. त्येचा बा अंगठा करायचा, आन् म्या बी अंगठाच करतो. अंगठेवाल्यांची पोरं येगळी काडा, त्येंची आपसात लावा."

वर्ग खदखदून हसला. वकिलांचा मुलगा तेवढा हसला नाही. हेडमास्तरांनी खुर्ची ओढून मामांना बसायला सांगितलं. मग म्हणाले, "अहो, विद्यापीठाकडे तसला काटा नाही."

"मंग तिला परीक्षा म्हनू नगा, सायेब. मारामारी म्हना."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. पुण्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. ज्यांच्या घरात कोणी शिकलेलं नाही अशांचीच तिथे आपसात निवड होते. अर्ज कर, म्हणाले. मी ताठ मानेनं सांगितलं, "सर, मला सवलत नको. मी पहिला येईन."

मी दुसरा आलो. चार गुणांनी.

निकालाचा कागद घेऊन घरी गेलो आणि ओट्यावर बसून राहिलो. वसतिगृहाच्या अर्जाला दोन दिवस उरले होते. मामा माझ्याभोवती तीन चकरा मारून समोर उकिडवे बसले. "त्या तांबड्यानं जलमात कदी जड गड्याशी हात मिळीवला न्हाई. म्हून त्यो भ्याड व्हता व्हय रं? पयला त्योच व्हता." मग आवाज पडला. "ती सवलत न्हवं, बाळा. वजन केलंय तुजं. आमाला लई दिस कुनी काट्यावर घ्येतलंच न्हवतं."

मी अर्ज केला. जागा मिळाली.

चार वर्षांनी बी. ए.चा निकाल सांगायला घरी गेलो, तेव्हा मामा थकले होते. ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. आई रडली. मामांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या.

"हितल्या डोंगरातलं किती जन व्हते तुज्यासंगं?"

"मी एकटाच, मामा."

"येकटाच?" ते एकदम कासावीस झाले. "मंग तुजा नंबर लावू कसा म्या? येकट्याला पयला म्हनलं तर त्यो बी अन्यावच की." आणि माझा हात धरून हळूच म्हणाले, "येत्याल. आनखी येत्याल. तवर थांबू."

ते थांबले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याच डोंगरातले दोघे बी. ए. झाले, दोघेही माझ्यापेक्षा हुशार असावेत असा मला संशय आहे. आमच्यात थोर कोण, याची रास्त काळजी करणारं आता कोणी नाही. मी दुसऱ्या वर्गात बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला.