बाबांनी निवडलेला सिनेमा

माझ्या वडिलांचा सर्वांत आवडता सिनेमा मी चारचौघांत मोडीत काढला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात असिस्टंट होते. आमच्या भागातल्या मराठी मंडळाने त्या वर्षी एक नवीन गोष्ट ठरवली होती. एका सभासदाने आपल्या सर्वांत आवडीचा मराठी सिनेमा निवडायचा, मंडळाने तो मागवायचा आणि पाहून झाल्यावर चहाबरोबर चर्चा करायची. पहिली निवड बाबांवर आली. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या बाबांनी लगेच नाव सांगितलं. खेड्यातल्या एका शाळामास्तरांवरचा जुना कृष्णधवल सिनेमा होता तो. मुंबईहून रेल्वेने रिळांच्या पेट्या आल्या, तेव्हा अर्धी रजा टाकून ते स्वतः स्टेशनवर गेले. त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या दारात उभे होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘या, या’ म्हणत होते, जणू घरचंच कार्य आहे.

मी तेव्हा कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये नुकताच जायला लागलो होतो. सिनेमा चालू असताना अंधारात वहीवर मुद्दे लिहीत होतो. चर्चा सुरू झाली तसा उठलो. म्हणालो, हा सिनेमा म्हणजे नुसती रडारड आहे. मास्तर बोलत नाहीत, भाषण देतात. मग दीपस्तंभाच्या रखवालदारावरच्या एका परदेशी सिनेमाचं उदाहरण दिलं. ‘त्याचा शेवट बघा. एक शब्द नाही, पण त्या शेवटातच सगळं आहे.’ मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. मंडळाचे अध्यक्ष बाबांना म्हणाले, ‘मुलगा तयार झाला हो तुमचा.’ बाबा पहिल्या रांगेत चहाचा कप धरून बसले होते. ते हसले.

तो परदेशी सिनेमा मी पाहिलेला नव्हता. क्लबमधला एक सीनिअर त्याबद्दल बोलला होता, तेच वाक्य मी उचललं होतं.

घरी जाताना बसमध्ये बाबा म्हणाले, ‘चांगलं बोललास. मला एवढं सुचलं नसतं.’ त्यानंतर घरात त्यांनी त्या सिनेमाचं नाव कधी काढलं नाही. मंडळाने पुन्हा विचारलं तेव्हा ‘आता तरुणांना निवडू द्या’ म्हणाले. त्यांना माझं म्हणणं पटलं, असं मी समजलो, आणि खूशही झालो.

पुढे बाबा रिटायर झाले, माझं लग्न झालं, आई गेली. आम्ही दिल्लीतच द्वारकेत फ्लॅट घेतला. माझी मुलगी सातवीत असताना शाळेने एक काम दिलं होतं. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला त्याचा आवडता सिनेमा विचारायचा आणि तो का आवडतो ते लिहायचं. ती वही घेऊन बाबांजवळ बसली.

‘आजोबा, तुमची ऑल टाइम फेव्हरेट मूव्ही कोणती?’

मी तिथेच पेपर वाचत होतो. ते मास्तरांचा सिनेमा सांगतील, हे मी धरूनच चाललो होतो. बाबा म्हणाले, ‘तो दीपस्तंभवाला लिही. परदेशी आहे.’

‘तुम्ही कधी पाहिलात?’ मी विचारलं.

‘तू मंडळात बोललास ना, त्यानंतर दीड-दोन वर्षांनी इथे एका परदेशी सांस्कृतिक केंद्रात लागला होता. ऑफिसमधून तसाच गेलो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, वाचून होईपर्यंत पुसली जायची. निम्माशिम्माच कळला.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पण शेवटी तो स्वतःच्या हाताने दिवा का विझवतो रे? तू म्हणाला होतास, शेवटातच सगळं आहे. तुला विचारीन विचारीन म्हणत राहूनच गेलं.’

मुलगी पेन धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘त्याचा एकच अर्थ नसतो, बाबा. ज्याचा त्याने लावायचा.’

‘अच्छा,’ बाबा समाधानाने म्हणाले. ‘लिही बेटा. तुझा बाबा सांगतोय ते लिही.’

तिने लिहिलं. नीट, समास सोडून. तिला त्या कामात चांगले गुण मिळाले.

मला मात्र चार दिवस ते पान डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी एका सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारताना मी सांगून टाकलं. म्हणालो, ‘बाबा, तो सिनेमा मी पाहिलेलाच नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.’

बाबा काही पावलं तसेच चालले. ‘म्हणजे मी एकट्यानेच पाहिला,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘आणि माझा? तो तरी नीट पाहिला होतास?’

‘नाही. मुद्दे लिहीत होतो.’

ते बाकावर बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, ‘तुझं चुकलं नव्हतं. भाषणं आहेतच त्यात. पण मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील गेले. ते मास्तर होते, तुला ठाऊक आहे. त्यांचा एकही फोटो नाही. चेहरा तर मी केव्हाच विसरलो. त्या सिनेमातला तो नट शाळेकडे चालत जातो ना, ते चालणं थेट त्यांच्यासारखं. आम्ही भावंडं थेटरात एकमेकांचे हात धरून बसलो होतो.’

‘तुम्ही त्या दिवशी हे बोलला का नाहीत?’

‘तू एवढी तयारी करून आला होतास,’ बाबा म्हणाले.

मग ते उठले. डावा हात पाठीशी नेला, मान किंचित पुढे काढली आणि बागेच्या फरशीवर दहा-बारा पावलं चालून दाखवली. मला माझ्या आजोबांबद्दल जे काही ठाऊक आहे त्यात डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच.

आणि हेही लिहायला हवं. ते चालत होते तेव्हा मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून.