गोरिलामामाचं घर

इकडे ये गं, जवळ बस. जरासा बिघडला म्हणून फोन टाकून नवा घ्यायचा म्हणतेस? शोभतं का तुला?

संत तुकाराम नगरात फोन दुरुस्त करणारा एक जण आहे. नाव मी कधी विचारलं नाही. माझा फोन आमटीत पडला, तेव्हा गेले होते. फोन हातात आला की तो आधी बाहीने पुसतो, मग कानाशी धरतो, दुखणं ऐकावं तसा. मागे भिंतीवर पिलाला छातीशी धरलेल्या गोरिलाचा फोटो.

चाकणच्या कंपनीतला एक गिऱ्हाईक हसला, "काय भाऊ, मामा का तुमचा?"

"मामाच, राव! आफ्रिकेत त्याचं जंगल खणतात, तिथलं खनिज आपल्या फोनात येतं. तुमचा जुना मी चालवून देतो. मामाचं घर तेवढं कमी खणतील."

गिऱ्हाईक नवा घ्यायला निघाला होता, पण जुनाच दुरुस्तीला ठेवून गेला.

एका फोनाने जंगल वाचत नाही, कळतं मला. पण असे हट्टी दुकानदार गल्लोगल्ली बसले, तर नक्की वाचेल. माझा फोन बघ, अजून खणखणीत वाजतो, आमटीचा वास येतो तेवढाच.

येत्या रविवारी तुझा फोन घेऊन ये. दोघी जाऊ मामाच्या भाच्याकडे.