बचनाग आणि पहिलं बक्षीस

विल्फ्रेड औथवेट हे आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यातले मुरंबे-लोणच्यांचे परीक्षक. रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर, घरात एकटे. उन्हाळ्यातल्या दर शनिवारी टाय लावून, स्वतःचा चमचा घेऊन गावोगावच्या प्रदर्शनांत हजर. त्यांनी एखाद्या बरणीवर नुसती भुवई उचलली, तरी ती करणारी आठवडाभर बाहेर पडत नसे.

१९५३ साली मी तिथं हवालदार होतो. ऑगस्टमधल्या एका दुपारी मिसेस डिन्सडेलचा नवरा पर्सी प्रदर्शनाच्या तंबूत धडपडत शिरला. "दीभ! दीभ बधिर धाली!"

बायकोनं प्रदर्शनासाठी मांसाबरोबर खायची तिखट मुळांची चटणी केली होती आणि त्यानं घरी भांडं चाटलं होतं. डॉक्टर पिकर्सगिलनी उरलेलं मूळ मागवून पाहिलं. तिखट मुळाऐवजी बागेतला विषारी बचनाग! पर्सीनं बोटभरच चाटली होती, तो वाचणार होता. पण टेबलावरच्या त्याच चटणीच्या बरणीला पहिल्या बक्षिसाचं कार्ड लागलेलं होतं, आणि औथवेट एकच्या बसनं पुढच्या गावाला गेले होते.

"पहिलं?" मिसेस डिन्सडेल मोहरली. "खरंच पहिलं?"

"अहो बाई, माणूस मरेल!"

"हो, ते वाईटच. पण कार्ड काढू नका हं."

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही सुटलो. पुढच्या गावात दारावरचा म्हातारा तिकिटाशिवाय आत सोडेना. "पोलिसांना सवलत नाही. पेन्शनरांना आहे." आत गेलो तर औथवेट निघून गेलेले. त्याच्या पुढच्या गावात दुसरं बक्षीस मिळालेली बाई माझी बाही धरून म्हणाली, "ते दगावले, तर निकाल पुन्हा लागेल का?"

तिसऱ्या गावात ते सापडले. खणखणीत, गुलाबी, लिंबाच्या मुरंब्यासमोर उभे.

"चटणी किती खाल्लीत?" डॉक्टरांनी विचारलं.

औथवेटनी भोवताली पाहिलं. चाळीस बायका कान टवकारून उभ्या होत्या. "पूर्ण चमचा," ते ठामपणे म्हणाले.

डॉक्टरांनी तिथंच, केकच्या टेबलावर आडवं करून, नळी घातली. बिचाऱ्यांच्या पोटातून निघाला तो नुसता चहा.

संध्याकाळी इस्पितळात त्यांनी मला जवळ बोलावलं. "कुणाला सांगू नकोस. एकोणीस सालच्या तापात माझी चव गेली, ती आलीच नाही. चमचा मी फक्त ओठांजवळ नेतो."

"मग नंबर कसे देता?"

"रंग बघतो, झाकण बघतो. आणि करणारीचा चेहरा."

"मग डॉक्टरांना सांगायचं ना! नळी तरी वाचली असती."

"आणि पुढच्या शनिवारी मला कोण बोलावणार होतं?"

मी अहवालात 'वेळीच उपचार' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या बायका एकोणीस बरण्या घेऊन त्यांना भेटायला आल्या. औथवेट उशीला टेकून बसले, प्रत्येक बरणीतला चमचा ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले आणि प्रत्येकीला गंभीरपणे सांगितलं, "मीठ किंचित कमी."